फाटकातली नांद्रुक

आपांना, म्हणजे वडिलांना, माती देऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किम-तोंग झाडाला पाणी घालत होता. घालतच होता. कुंडीच्या भोकांतून पाणी खाली आलं, दगडी ओट्यावरून ओघळून अंगणात पसरलं, वेताच्या खुर्चीत बसलेल्या मामांच्या चपलांखाली गेलं, तरी त्याच्या हातातली नळी काही हलेना.

"अरे, ते झाड आहे का मासा?" मामा पाय वर घेत म्हणाले. त्यांची तायनानकडे माशांची तळी आहेत, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते माशावरून मोजतात.

समोरच्या झाडावर एकही पान उरलं नव्हतं.

आमच्याकडे मयताला जाणारा माणूस नांद्रुकीचं एक पान खिशात घालतो. नांद्रुक म्हणजे वडाचीच लहान पानांची बहीण. पान खिशात असलं की वाईटसाईट मागे लागत नाही, आणि परतताना ते वाटेतच टाकून द्यायचं असतं. म्हणून ज्याच्या घरी मयत असतं तो फाटकाशी घमेलंभर डहाळ्या ठेवतो. आदल्या दिवशी स्यावांच्या फाटकाशी घमेलं नव्हतं. तिथे उभी होती खुद्द बोक-सिंग स्यावची, गेलेल्या म्हाताऱ्याची, नांद्रुक. लग्नाआधी त्यानं वेशीवरच्या देवळातून आणलेली काडी, जन्मभर कुंडीत वाढवलेली, बुंधा बसलेल्या म्हशीसारखा पसरट आणि उंची माणसाच्या कमरेएवढी. आमच्या चांगह्वा जिल्ह्यात बोन्साय करणारी घरं पैशाला पासरी आहेत, पण हे झाड बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. ते लोकही आदल्या दिवशी आले, फाटकाशी वाकले, आणि एकेक पान खुडून घेऊन आत गेले. म्हातारा जाता जाता प्रत्येकाच्या हातावर पान ठेवून गेला, असंच सगळ्यांना वाटलं. गावातल्या आम्ही सगळ्यांनीच घेतलं. एक पान म्हणजे काय, असंच प्रत्येकाच्या मनात होतं.

किम-तोंग थोरला मुलगा. डोक्यावर सुतकाची गोणपाटाची टोपी, मान खाली, तो शवपेटीच्या मागे चालला होता. त्याला दिसलं ते सगळं उरकल्यावर. पानं गेली होतीच, शिवाय कुणीतरी घाईत डहाळी ओढली होती आणि डावीकडची मोठी फांदी बुंध्यापासून अर्धी सोलून लोंबत होती.

"दादा, पाणी पुरे."

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला तशी मामांनी मान वळवली. पेइ-वेन उभी होती, धाकटी सून. तायपेईची. तिच्या माहेरी शाळेत शिकवतात ती सरकारी भाषा बोलतात. आमची घरची भाषा ती लग्नानंतर शिकली, आणि अजूनही बोलताना प्रत्येक शब्द आधी चाचपून बघते.

"पान नाही," ती म्हणाली. "पान नाही तर पिणार कोण? मूळ कुजेल."

किम-तोंगनं वळून बघितलं. "पानं नाहीत हे तुझ्या लक्षात आलं वाटतं."

तरी त्यानं नळ बंद केला. पोरवयापासून झाडांत राबलेला माणूस तो. बिनपानाच्या झाडाला पाणी घालू नये हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि सांगावं लागलं याचाच त्याला जास्त राग आला.

"तायपेईत म्हणे असंच असतं," किम-तोंगची बायको आ-ग्योक आतून म्हणाली. ती कढईत वाळवलेला मुळा परतत होती आणि झाऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "तिथं फाटकाशी झाडं ठेवतात, आणि डहाळ्या देवघरात."

"वहिनी, तुम्हीच म्हणालात. नांद्रुक फाटकाशी ठेव."

"डहाळ्या गं बाई, डहाळ्या! नांद्रुक ठेव म्हटलं की डहाळ्या ठेव! मीठ आण म्हटलं तर समुद्र आणशील का?"

"तू म्हणालीस काय नक्की?" मामांनी विचारलं.

आ-ग्योकनं झारा कढईवर ठेवला. "नांद्रुक," ती म्हणाली. "पण घरात मयत पडलेलं असताना कुणीही समजेल असंच म्हणाले."

"कुणीही म्हणजे आपल्यातलं कुणीही," मामा म्हणाले आणि त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली.

एवढ्यात सिउ-खिम विहिरीकडून पालेभाजी धुऊन आली. ती किम-तोंग आणि त्याच्या धाकट्या भावाच्या मधली बहीण, शेजारच्या गावात दिलेली. तिनं भाजीची पाटी ओट्यावर, झाडाशेजारीच आदळली.

"पहिलं पान मी घेतलं," ती म्हणाली. "काय बघताय? मीच घेतलं. झाड फाटकाशी बघितलं आणि मला वाटलं, दादानंच ठेवलंय. म्हटलं, एकदा तरी थोरल्याला शहाणपण सुचलं. माझ्या मागे रांग होती. मी घेतलं म्हणून त्यांनी घेतलं. आता तिच्या एकटीच्या डोक्यावर खापर फोडू नका."

"तुला कळायला नको होतं?"

"मला कशाला कळेल? मी परक्या घरची. बापाच्या इस्टेटीतलं एक पान मिळालं, तेही वाटेत टाकून द्यावं लागलं."

मामा एकटेच हसले. किम-तोंगनं बहिणीकडे पाठ केली.

*

मामा त्या दिवशी दुपारच्या बसनं परत जाणार होते, म्हणून वाटणीचं बोलणं न्याहारीलाच काढायचं ठरलं होतं. आमच्याकडे म्हणतात, आभाळात देव मोठा, जमिनीवर मामा. भाऊ वेगळे व्हायचे तर आईचा भाऊ मध्ये बसायला लागतो. तो म्हणेल ते दोघांनी ऐकायचं, आणि नाही ऐकलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

गोल टेबलाभोवती सगळे बसले. रताळं घालून केलेली भाताची पेज, मुळा घातलेलं अंडं, खारवलेली काकडी. तसं ठरवण्यासारखं फारसं नव्हतंच. घर, देव्हारा आणि पुढची रोपवाटिका थोरल्याकडे, मागचं वावर धाकट्याकडे, हे आपा जिवंतपणीच सांगून गेले होते.

"राहिलं झाड," मामा म्हणाले. "ते अर्धं कापून देता येत नाही. बोला."

"दादाला द्या," बिंग-हुई पटकन म्हणाला. धाकटा मुलगा, तायपेईत शाळामास्तर. लहानपणापासून भांडण सुरू व्हायच्या आत हरून मोकळा व्हायची त्याची रीत. "आणि मागचं वावरही दादालाच कसू दे. कायमचंच त्याच्याकडे राहू दे. मी काय करू त्याचं? आपा गेले. आता आमचं इथे आहे काय?"

पेइ-वेनच्या हातातल्या जेवायच्या काड्या वाडग्याच्या काठावर थांबल्या.

नवऱ्यानं हे आदल्या रात्री तिला सांगितलं नव्हतं. त्यानं सांगितलं असतं तरी ती काय म्हणणार होती? मला ते झाड हवंय, असं? जिनं ते हातगाडीवर घालून फाटकात नेऊन ठेवलं तिनं?

मागच्या वर्षी आपा औषधपाण्यासाठी तायपेईला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा एका काखेत कपड्यांचं गाठोडं आणि मागे टेम्पोत हे झाड, असेच आले होते. किम-तोंगला ते लागलं होतं. बाप गेला तो गेला, झाडही घेऊन गेला, असं तो चारचौघांत बोलला होता. तायपेईची थंडी नांद्रुकीला मानवत नाही. पहिल्याच गारठ्यात पानं पिवळी पडायला लागली आणि त्याच सुमारास आपांचा उजवा हात गेला. आधी थरथरायला लागला, मग काडी धरवेना, मग कात्री धरवेना. आपा दिवसभर गच्चीत झाडासमोर बसून राहायचे आणि जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत.

शेवटी एक दिवस पेइ-वेननंच कात्री उचलली. आपांनी डाव्या हातानं काडी धरून फांदीवर टेकवली. इथं. तिनं कापलं. चूक झालं तर ते काडीनं तिच्या मनगटावर मारायचे, आणि बरोबर झालं तर नुसतं नाक ओढायचे. तिला त्यांची भाषा अर्धी कळायची, त्यांना तिची पाव. तरी सगळा हिवाळा त्यांनी एकही पोगा, टोकाचा मिटलेला कोवळा कोंब, चुकवला नाही. रात्री झाडाला जुनी रजई, सकाळी ऊन सरकेल तशी कुंडी सरकवायची. उजव्या बाजूला जुन्या सालीतून एक कोंब फुटला. त्या जागी फांदी यावी म्हणून आपा कित्येक वर्षं वाट बघत होते. तो त्यांनी तिच्याकडून तारेनं वळवून घेतला. त्या दिवशी त्यांनी किम-तोंगला फोन केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "उजवीकडची फांदी आली रे! आज वळवली मी."

स्वयंपाकघरात भांडी घासताना पेइ-वेननं ते ऐकलं. तिला वाईट वाटलं नाही. उलट हसू आलं. फोन ठेवल्यावर आपांनी तिच्याकडे बघितलं आणि नाक ओढलं. तिच्या स्वतःच्या घरी तिला कधी कुणी असं काही शिकवलं नव्हतं. आपा गेल्यावर झाडही त्यांच्याबरोबर गावी परत आलं.

आता सांगायचं, तर आपांची ती शेवटची फुशारकी खोटी पाडायची. ती पेज पीत राहिली.

"झाड या घराबाहेर जाणार नाही," किम-तोंग म्हणाला. "जगलं तर जगलं. आपांचं शेवटचं काम आहे त्याच्यावर. हात थकलेला असताना माणसानं उजवीकडची फांदी उभी केली. ती बघायला मी तायपेईला गेलो नाही, एवढंच..." तो खुर्ची मागे ढकलून उठला. "ती सोललेली फांदी कापायला हवी. ऊन चढायच्या आत."

*

हिरवंगार झाड बघणाऱ्याला सहज फसवतं. पानांच्या आड वाईट काप, चुकलेलं वळण, तारेचा वळ, सगळं लपतं. म्हणून आमच्याकडचे जाणते लोक भर उन्हाळ्यात धडधाकट नांद्रुकीची पानं मुद्दाम, हातानं, एकेक करून काढतात. झाड उघडं करतात आणि मग बघतात. किम-तोंगला हे माहीत होतं, पण पोळलेल्या मनानं त्यानं काल झाडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता त्यानं स्टूल ओढलं आणि नखानं एका फांदीची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. पांढरा चीक टिपूसभर वर आला. लोकांनी पानं घेतली होती, पण बऱ्याच टोकांचे पोगे जागच्या जागी होते.

"जगेल," तो पुटपुटला. ऐकायला जवळ कुणी नव्हतं.

मग तो झाड वाचायला लागला. खालचे काप आपांचे, त्याच्या जन्माच्याही आधीचे, केव्हाच बुजून सालीत मिसळलेले. त्यावरचे त्याचे स्वतःचे, जरा जास्तच खोल, कारण त्याचा हात पहिल्यापासून जड. आणि वर, गेल्या वर्षीचे. ते त्यानं आधी एकदा पाहिले. मग स्टूल फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिले. काप स्वच्छ होते, पण सगळे उलट्या अंगानं उतरलेले. उजव्या फांदीवरच्या तारेचे वेढेसुद्धा उलटे. आपांनी जन्मात तार अशी गुंडाळली नव्हती. उजव्या हाताच्या कुठल्याच माणसाला ती अशी गुंडाळता येत नाही.

किम-तोंग उठून उभा राहिला. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून मोरीपाशी बसलेली पेइ-वेन दिसत होती. ती वाडगे घासत होती, डाव्या हातानं. त्यावरून आ-ग्योकनं आजवर कितीतरी वेळा नाक मुरडलं होतं.

तो मोरीच्या दाराशी गेला. आ-ग्योक मामांना चहा द्यायला बाहेर गेली होती.

"आपांचा हात कधी गेला?"

पेइ-वेननं वाडगा खाली ठेवला. "थंडी पडली तेव्हा."

"आणि मला फोनवर सांगायचे, आज ही फांदी वळवली, उद्या ती वळवणार."

"कुठं वळवायची ते तेच सांगायचे. खोटं नाही बोलले ते."

"कापायचं कोण?"

तिनं दुसरा वाडगा घासायला घेतला.

"मी विचारतोय."

"काडी त्यांची," ती हळू म्हणाली. "कात्री माझी."

किम-तोंगला लाज तर वाटलीच, पण त्याच्या आधी हेवा वाटला, पोरासारखा, उघडाउघडा. जे वर्ष त्याचं असायला हवं होतं ते बापानं हिला दिलं होतं.

"सकाळपासून सगळे तुला घालूनपाडून बोलतायत," तो म्हणाला. "मी बोलतोय. तोंड उघडून एक शब्द सांगायचास."

"सांगितलं असतं तर तुमच्या आपांचं शेवटचं काम गेलं असतं," पेइ-वेन म्हणाली. शब्द चाचपत, पण या खेपेला एकही न चुकता. "पानं मी घालवली होती. अजून काय काय घालवू?"

तिचे डोळे भरले होते. किम-तोंगचेही भरले. त्यानं मोरीतलं पाणी तोंडावर मारलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि बाहेर गेला.

*

"झाड वाटणीत नाही," तो अंगणात येऊन म्हणाला.

मामांनी चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे? आता तर तुलाच दिलं होतं."

"कुंडीत ते आता दम धरणार नाही. एवढी पानं गेली, फांदी गेली, त्याला जमीन हवी. काही वर्षं मातीत राहिलं तर सावरेल. मागच्या वावरात लावतो, पूर्वेच्या बांधाला. सगळ्यात चांगलं ऊन तिथे आहे."

"पण ते वावर..." बिंग-हुई म्हणाला. "मी आत्ताच तर म्हणालो, वावर तू घे."

"नाही घेत. वावर तुझं, झाड त्यात. पाणी मी घालीन. ज्याला झाड बघायचं असेल त्यानं यायचं."

"आणि मला यायला जमलं नाही तर?"

"तुला कोण बोलावतंय?" किम-तोंग म्हणाला.

आ-ग्योकनं किटली तशीच हातात धरली होती. "घरामागे? जमिनीत?" ती नवऱ्यावर खेकसली. "डोकं फिरलं का? कुंडीतली गोष्ट वेगळी. म्हाताऱ्यानं म्हणून जन्मभर ती कुंडीबाहेर पडू दिली नाही. नांद्रुक माणसाला नांदू देत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

"तुझी सासूही कुणाला नांदू देत नव्हती," मामा म्हणाले. "माझीच बहीण, मला ठाऊक आहे. तरी तू नांदलीसच ना?"

सिउ-खिम फसकन हसली. आ-ग्योकनं हसू नये म्हणून ओठ आवळून धरले, पण तिच्यानं ते जमलं नाही. आपांचा श्वास थांबला त्या दिवसापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. मग ती किटली ठेवून पदराला हात पुसत म्हणाली, "लावा मग. पण बांधाच्या पलीकडच्या अंगाला. आणि खाली कौल घाला. मुळं घराकडे आली तर मी कुऱ्हाड घेऊन येईन, आधीच सांगून ठेवते."

"कौल मी घालणारच होतो," किम-तोंग म्हणाला. सपाट कौलावर बसवलेल्या झाडाची मुळं खाली न जाता चहूकडे पसरतात, आणि बुंधा आणखी रुंद होतो. ते त्याच्या मनात होतंच. पण आ-ग्योकला वाटलं की आपलं ऐकलं, आणि त्यानं तिला तसं वाटू दिलं.

खड्डा बिंग-हुईनं खणला. त्याचे मास्तरकीचे तळहात लगेच सोलपटले, पण त्यानं कुदळ सोडली नाही. मामांनी बांधावर उभं राहून हुकूम सोडले, ते कुणी ऐकले नाहीत. झाड दोघा भावांनी उचललं. कुंडीतून सुटताना मुळांचा गड्डा अख्खा निघाला, कुंडीच्याच आकाराचा, आणि किम-तोंगनं त्याला बोटही लावलं नाही. पेइ-वेन ओंजळीनं माती सारत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही.

मग किम-तोंगनं कमरेची कात्री काढली. ती आपांची होती, मुठीला सुतळी गुंडाळलेली. लहानपणी बिंग-हुईनं एकदा त्या कात्रीनं पतंगाचा कागद कापला, तर आपांनी त्याला सबंध दुपार उन्हात उभं केलं होतं. सिउ-खिमला ते आठवत होतं. तिनं पाहिलं की दादानं कात्री मुठीकडून पुढे केली, आणि ती बिंग-हुईकडे नव्हती. ती धाकट्या वहिनीकडे होती.

का, ते सिउ-खिमला कळलं नाही. पण त्या दोघांमध्ये काहीतरी होतं जे चारचौघांत बोलायचं नव्हतं, एवढं तिला कळलं, आणि जे कळलं नाही ते ती तेव्हाच्या तेव्हा विचारायला गेली नाही. जन्मात पहिल्यांदाच असेल.

"मामा, तुमची बस," ती मोठ्यानं म्हणाली. "बिंग-हुई, आधी हात धू, पू होईल. वहिनी, मामांच्या डब्याचं काय? चला, चला, सगळे काय मेळ्यासारखे उभे आहात?"

तिनं सगळ्यांना पुढे घालून नेलं. बांधावर दोघंच राहिली.

पेइ-वेननं कात्री डाव्या हातात घेतली. सोललेली फांदी खाली लोंबत होती. तिच्यावर आपांची तीसएक वर्षं होती, आणि शेवटचा एक हिवाळा पेइ-वेनचा.

"कुठून?" तिनं विचारलं.

किम-तोंगनं बोट टेकवलं. "इथून. फाटलेलं अजिबात ठेवू नकोस, नाहीतर आत कुजत जाईल. भर बुंध्यालगत."

तिनं कापलं. एका दमात गेली नाही फांदी, तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. पांढरा चीक भळभळ वाहायला लागला, तिच्या बोटांवरून मनगटावर आला. ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. किम-तोंगनं चिखलाचा बोळा केला आणि कापावर दाबून धरला.

मग त्यानं मान वर करून उजवीकडची फांदी न्याहाळली, खालून बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली.

"ही फार घाईनं वळवलीस. खालून साल दुखावलीय, बघ. थोडी थोडी वळवायची असते, मध्ये पावसाळा जाऊ द्यायचा. आपांना घाई असणार, तू तरी थांबायचंस. पुढच्या वेळी आधी मला विचार."

"विचारणार होते," पेइ-वेन म्हणाली. "फोन केला होता. माझा आवाज ऐकला आणि तुम्ही काही न बोलता वहिनींकडे दिलात."

किम-तोंगनं चिखलाचा हात गुडघ्याला पुसला. घराकडून मामांची हाक आली, बस चुकेल म्हणून. तो उठला नाही.

"आता नाही देणार," तो म्हणाला.